तापातली आकडी: घरोघरचे अनुभव

धागा सुरू करताना

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोळा महिन्यांच्या मुलीला रात्री पावणेतीनच्या सुमारास तापात आकडी आली. डोळे वर गेले, ओठ निळसर पडले, हातपाय आधी ताठ झाले आणि मग झटके देऊ लागले. माझ्या हाका तिच्यापर्यंत पोहोचतच नव्हत्या. झोपताना अंग जरा कोमट लागले होते, एवढेच. हे सारे दहा मिनिटे तरी चालले, असे मी दवाखान्यात शपथेवर सांगितले असते. पण ती ताठ होताच नवऱ्याने दिराला फोन लावला होता आणि तिचे रडणे कानी पडल्यावरच दिराने तो ठेवला होता. त्या फोनची नोंद एक मिनिट पन्नास सेकंदांची निघाली.

मुलगी तिसऱ्या दिवशी खेळू लागली. मी मात्र पुढचे पाच महिने रात्री तीन-तीनदा उठून तिच्या मानेला हात लावून पाहत होते. म्हणून विनंती, की ज्यांच्या घरी हे घडले आहे त्यांनी त्या क्षणी प्रत्यक्ष काय केले आणि पुढचे ताप कसे काढले, ते लिहावे. औषधाचे नाव लिहायला हरकत नाही, प्रमाण मात्र लिहू नये. ते मुलाच्या वजनावर ठरते.

कोल्हापूरहून, एक वडील

आम्ही जे जे करू नये ते सगळे केले, म्हणून आधी तेच लिहितो. दातखीळ बसली असे वाटून मी मुलाच्या तोंडात चमचा घालण्याचा प्रयत्न केला, शेजारच्या काकांनी कांदा फोडून नाकाशी धरला आणि कोणीतरी चप्पल हुंगवायलाही पुढे आले. चमच्याने समोरचा दुधाचा दात अर्धा तुटला. आकडी आपली आपणच थांबली. कांद्याने थांबली असे काका अजूनही सांगतात.

दुसऱ्या वेळी, सात महिन्यांनी, मी त्याला जमिनीवर डाव्या कुशीवर वळवले, गळ्याजवळचे बटण काढले, तोंडातून येणारी लाळ बाहेर वाहू दिली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत बसलो. बायकोने मोबाईलवर चित्रण केले. अशा वेळी चित्रण कसले करता, असे आई चिडून म्हणाली. पण डॉक्टरांनी तेच तीनदा पाहिले आणि दोन्ही बाजूंचे हातपाय सारखे हलत होते, ही गोष्ट त्यांना आमच्या वर्णनापेक्षा त्यातूनच नेमकी कळली.

नगर जिल्ह्यातून, एक बालरोगतज्ज्ञ

वरील निरीक्षण महत्त्वाचे आहे. सहा महिने ते पाच वर्षे या वयात, शंभरांतल्या दोन ते पाच मुलांना तापात आकडी येते. सर्वांग हलणारी, पंधरा मिनिटांच्या आत थांबणारी आणि चोवीस तासांत पुन्हा न येणारी आकडी साधी समजली जाते. एकाच बाजूचे हातपाय हलणे, लांबत जाणे किंवा त्याच दिवशी पुन्हा येणे, यांपैकी काही असेल तर अधिक तपास लागतो. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा. पहिल्या आकडीनंतर, ती कितीही थोडक्यात आटोपली असली तरी, मुलाला त्याच दिवशी दाखवावे. मूल मान ताठ धरत असेल, सारखे उलट्या करत असेल किंवा शुद्धीवर आल्यासारखे वाटत नसेल, तर मेंदूज्वराची शंका घ्यावी लागते आणि तेव्हा पाठीतले पाणी तपासायला नकार देऊ नये.

साधारण तिघांपैकी एका मुलाला पुन्हा आकडी येते. पहिली आकडी वर्षाच्या आत आली असेल तर ही शक्यता जवळपास निम्मी असते. दर चार तासांनी पॅरासिटामॉल दिले असते तर हे टळले असते, असे म्हणत पालक स्वतःला दोष देतात. तापाच्या औषधाने मुलाला बरे वाटते, ते पाणी पिते, झोपते. आकडी मात्र त्याने टळत नाही, आणि पुष्कळदा ताप आहे हेच आकडीनंतर कळते.

प्रमाण लिहू नये ही सूचना योग्यच आहे, पण बाटलीवरचा आकडा वाचावा. पॅरासिटामॉलच्या थेंबांत एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असते, तर सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२० किंवा २५०. घाईत सिरपच्या मापाने थेंब पाजले गेले, तर मात्रा दुपटीपासून चौपटीपर्यंत जाते.

गडचिरोलीहून, एक शिक्षिका

आमच्याकडे तापात झटके आले की ती साधी आकडीच असेल असे धरून चालता येत नाही, कारण मलेरिया डोक्यात गेलेला असू शकतो. माझ्या भाच्याला आकडी आली तेव्हा गावच्या आशाताईंनी बोटातून रक्ताचा थेंब घेऊन पट्टीवरची तपासणी लगेच केली. ती निगेटिव्ह आली, तरी त्या म्हणाल्या की एवढ्यावर थांबू नका, आणि गाडी बोलावली. नाल्याला पाणी असल्याने गाडी अलीकडे येऊ शकली नाही, म्हणून भावाने मुलाला खांद्यावर घेऊन नाला ओलांडला. तिथल्या डॉक्टरांनी काचपट्टीवर पुन्हा रक्त पाहिले; मलेरिया नव्हता. शहरातल्या वाचकांनी ‘साधी’ हा शब्द ऐकून निश्चिंत व्हावे, आम्ही मात्र आधी रक्त पाहतो.

लीड्सहून, एक आई

इथे आम्हाला सांगण्यात आले की ओल्या पट्ट्या ठेवू नका, कपडे काढून पंख्याखाली बसवू नका आणि अंगावर जास्त पांघरूणही घालू नका. माझ्या हातात तेव्हा मिठाच्या पाण्याचे भांडे होते! साताऱ्याहून आईचा फोन आला तेव्हा हे तिला कसे सांगावे, या विचाराने मला आकडीइतकाच घाम फुटला.

पुण्याहून, एक आई

मुलाला चार वेळा आकडी आल्यानंतर आमच्या डॉक्टरांनी तापाच्या दिवसांत क्लोबाझाम हे आकडी येऊ नये म्हणून द्यायचे औषध द्यायला सांगितले आणि चालू आकडी थांबवण्यासाठी नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा लिहून दिला. पाच मिनिटे उलटली तर किती वेळा मारायचा, तेही चिठ्ठीवर लिहिले. क्लोबाझामने तो तीन दिवस झोकांड्या खात चालायचा, आणि ही गुंगी तापाची की औषधाची की आजार बळावल्याची, हे ओळखणे मला तापापेक्षा कठीण वाटू लागले. शेवटी डॉक्टरांशी बोलून आम्ही ते बंद केले आणि फक्त फवारा जवळ ठेवला. दुसऱ्या कोणाच्या डॉक्टरांचा निर्णय वेगळा असेल. पण ‘नको’ म्हणण्याचीही सोय असते हे मला कोणी आधी सांगितले असते तर बरे झाले असते. पाळणाघरातल्या मावशींना फवारा कसा धरायचा ते मी रिकाम्या बाटलीवर शिकवले. त्या प्रसंगापेक्षा शिकतानाच जास्त घाबरल्या.

सांगलीहून, एक आजी

माझ्या मुलाला १९८३ साली, तो दीड वर्षाचा असताना, गोवराच्या तापात आकडी आली आणि पुढे आणखी दोनदा आली. तेव्हा रोज गार्डिनालची गोळी द्यायची पद्धत होती, ती आम्ही दोन वर्षे कुटून मधातून दिली. मूल चिडचिडे झाले, रात्र रात्र जागे राहू लागले. आता साध्या आकडीसाठी असे रोजचे औषध देत नाहीत, हे ऐकून मला बरेही वाटले आणि वाईटही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आम्ही ते कोणाला सांगितले नाही. ‘आकडीचा मुलगा’ असा शब्द एकदा चिकटला की शाळेत, पुढे लग्नात, तो निघत नाही, असे सासूबाई म्हणत, आणि मला ते पटले होते. मुलाचे लग्न झाले, नातू झाला, तरी सुनेला यातले काही ठाऊक नव्हते. नातवाला अकराव्या महिन्यात आकडी आली, आणि दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले की आईवडिलांपैकी कोणाला लहानपणी असे झाले होते का. सुनेने नाही म्हटले. मुलालाही आठवणे शक्य नव्हते. मी दाराशी नातवाचे लंगोट हातात धरून उभी होते, आणि चाळीस वर्षांनी पहिल्यांदा ते मोठ्याने सांगितले.

डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतले आणि मुलाकडे बोट दाखवून सुनेला म्हणाले, “हे बघा, असे मोठे होतात.” सून हसली. नंतर रिक्षात मात्र ती माझ्याशी बोलली नाही. घरी आल्यावर तिने एवढेच विचारले, “आई, तेव्हा तुम्ही एकट्याच होतात का?” मी हो म्हणाले. मग आम्ही दोघींनी मिळून १०८ आणि डॉक्टरांचा नंबर कपाटाच्या दारावर चिकटवला, आणि त्याखाली तिने नातवाचे वजन लिहिले. ते दर महिन्याला खोडून ती नवे लिहिते.