काळी बिअर इतकी गार नको

इम्पीरियल स्टाउट ही कडक काळी बिअर नुसती जळकट आणि कडू लागली, असं तुम्ही लिहिलंय. पण फ्रीजमधून काढल्या काढल्या प्यायलात, असंही लिहिलंय. खरी गडबड तिथेच झाली. इतक्या थंडीत वास आणि गोडवा दबतात, कडूपणा तेवढा पुढे येतो. ही बिअर साधारण 10 ते 13 अंशांवर प्यायची. आमच्या इंदुरात डिसेंबरच्या रात्री बाटली थोडा वेळ गच्चीवर ठेवली की झालं.

तोंडाशी निमुळत्या ग्लासात थोडीशीच ओता आणि आधी वास घ्या. कॉफी, कडू चॉकलेट, मागाहून काकवी, खजूर, मनुका. भाजका वास येणारच, कारण त्यात कडक भाजलेली बार्ली असते. लाडवाचं बेसन खमंग भाजलंय की करपलंय, हे नाकाला लगेच कळतं ना? तसंच इथे. घोटानंतर कडूपणा रेंगाळला तर उत्तम, पण घशाला राखेसारखा ओरखडा आला तर तो दोष. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअरला हवा लागलीय. छातीत ऊब यावी, चटका नको.

अठराव्या शतकात लंडनहून रशियाच्या दरबारात जायची ती हीच जातकुळी. अल्कोहोल 8 ते 12 टक्के, म्हणजे नेहमीच्या बिअरच्या जवळजवळ दुप्पट. एक बाटली दोघांत घ्या, तासभर पुरवा. शेवटचा कोमट घोट मला तरी सगळ्यात आवडतो.