मदत हवी आहे: मुलांमधला फरक मोजायचा कसा?

आम्ही सहा-सात जण मिळून छोटी संस्था चालवतो, शाळा सुटल्यावर 40 एक मुलांचा अभ्यास घेतो आणि अधूनमधून घरी जाऊन आईवडिलांशी बोलतो. आता देणगीदार म्हणतायत की नुसते फोटो नकोत, मुलांमध्ये काय फरक पडला ते दाखवा. रास्त आहे म्हणा.

हजेरी आहे आमच्याकडे, पण हजेरी म्हणजे फरक नव्हे ना. पालकांना फॉर्म दिला तर सगळ्यांनी 'खूप छान' वर टिक करून परत दिला, तोंडावर वाईट कोण बोलणार! शाळेचे मार्क बघितले, पण जी मुलं रोज येतात त्यांच्या घरी आधीपासूनच अभ्यासाकडे लक्ष असतं, मग श्रेय आमचं की घरच्यांचं? शिवाय सुरुवातीला कोणाचीच चाचणी घेतली नव्हती, ही चूक आमचीच. एक मुलगी आधी पुस्तक उघडायलाच घाबरायची, आता धाकट्या भावाला गोष्ट वाचून दाखवते, हे कुठल्या रकान्यात लिहू?

पगारी माणूस नाही, सॉफ्टवेअर नको, मुलांची नावं-फोटो बाहेर द्यायचे नाहीत, आणि बऱ्याच पालकांना वाचता येत नाही. तर आत्ता मधूनच सुरू करून, वही-पेनावर जमेल असं नेमकं काय आणि किती दिवसांनी नोंदवायचं? कोणी केलंय का असं?