मदत हवी आहे: पूर उतरताना कृष्णेचा काठ ढासळतो, ६० मीटरच्या वळणावर काय करावं?

मळीवाला
नमस्कार मंडळी. ठिकाण शिरोळ तालुका, कृष्णेच्या वळणाची बाहेरची बाजू. लांबी ६० मीटर. तळापासून काठ ७ मीटर उंच आणि जवळजवळ उभा. वर दीड-दोन मीटर काळी माती, खाली पिवळट गाळमाती, आणि वरून साडेतीन मीटरवर हातभर जाडीचा बारीक वाळूचा थर. खाली कोल्हापुरी बंधारा आहे. बरगे (बंधाऱ्याच्या दारांच्या फळ्या) घातले की मेपर्यंत त्याचा फुगवटा, म्हणजे मागे अडलेलं पाणी, तळापासून अडीच मीटरवर राहतो. काठाला खेटून ऊस, पाटपाणी.

कोडं असं की पूर चढताना काही जात नाही. पाणी उतरलं की दोन-चार दिवसांत काठाचे लांबट तुकडे खाली बसतात. मे अखेरीस बरगे काढले की तेच, फक्त कमी. गावात तीन सूचना आहेत: जाळीतल्या दगडांची उभी भिंत, काठावर बांबू, किंवा समोरचा वाळूचा दांडा जेसीबीने काढून नदी सरळ करणं. निघालेली माती शेजारच्या वगळीत (छोट्या ओघळीत) टाकून वर रस्ता करायचा, असंही चाललंय. फोटो जोडलेत.

(अलमट्टी धरणाचा वाद इथे नको, त्याचा धागा वेगळा आहे.)

ओळंबा
कोडं नाही हे. पूर भरलेला असतो तेव्हा नदीचं पाणीच काठाला बाहेरून टेकू देत असतं. आत माती पाणी पिऊन जड होते. नदी झपाट्याने उतरते, मातीतलं पाणी तितक्या वेगाने निघत नाही. टेकू गेला, वजन राहिलं, आतून दाब आला. काठ बसणारच. बरगे एकदम उपसले की फुगवटा उतरून तेच घडतं. बंधाऱ्याच्या लोकांना विनंती करा, थोडेथोडे बरगे काढत चार-पाच दिवसांत पाणी उतरवा. याला खर्च शून्य.

दुसरं दुखणं पायथ्याचं. वळणाच्या बाहेरच्या बाजूला नदी तळ खोदते. काहीही बांधण्याआधी होडीतून ओळंबा सोडून खोली मोजा: दर १० मीटरला एक आडवी ओळ, ओळीत दर २ मीटरला एक माप. काठापाशी खोल घळ असेल तर नुसती वर झाडं लावणं म्हणजे पाया नसलेल्या घराला रंग देणं.

उभी भिंत नको. तिच्यामागे पाणी अडतं आणि वाळूचा थर दगडांच्या फटींतून वाहून जातो. भिंत दिसायला उभी, मागे पोकळ. जाळी वापरायचीच तर फक्त पायथ्याला, फुगवट्याच्या पातळीपर्यंत. मागे जिओटेक्स्टाइल (पाणी सोडणारं, माती अडवणारं कापड) आणि खडीचा थर, जाळीच्या भोकापेक्षा मोठे, १५ ते २५ सेंमीचे दगड. पुढे तळावर दगडांचा सैल पदर अंथरा. तळ जितका खोदला जाईल असा अंदाज, त्याच्या दीडपट रुंद. खाली खोदाई झाली की पदर आपोआप घसरून भोक झाकतो, म्हणून तो सैलच हवा, सिमेंटने सांधायचा नाही.

फुगवट्याच्या वरचे साडेचार मीटर उताराला घ्या: १ उभा, २ आडवा. काठ पूर्ण उभा धरला तर ९ मीटर पट्टा जातो, म्हणजे सव्वापाच गुंठे. माती १२०० घनमीटर, सव्वाचारशे ब्रासच्या आसपास. पाच गुंठे ऐकून पोटात गोळा येईल, पण नदी तेवढे तसेही नेणार आहे.

वाळुंज
लागवडीचं मी सांगतो. बांबू धारेवर (काठाच्या अगदी कडेला) नको. मुळं वरच्या थरात पसरतात आणि खालून माती गेली की अख्खं बेट काठ घेऊन खाली येतं. मोठी झाडंही धारेवर नकोत. करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन नव्या धारेपासून ४-५ मीटर मागे लावा. ऊसही तेवढाच मागे.

उतारावर वाळा. बी न धरणारा दक्षिणी वाण घ्या. ओळी समपातळीवर, दोन ओळींत १ मीटर उंचीचं अंतर, ओळीत १५ सेंमीवर एक ठोंब, ठोंबाला २-३ फुटवे. ६० मीटरच्या ओळीत ४००, चार ओळींना १६०० आणि नांग्या (मेलेल्या ठोंबांच्या जागा) भरायला दीडशे. शेंडा वीतभर ठेवून छाटा.

फुगवट्याच्या रेषेवर वाळुंज आणि निरगुडीच्या काड्या. अंगठ्याएवढ्या जाड, अडीच फुटी, दोन तृतीयांश मातीत. आधी पहारेने भोक पाडा, नाहीतर ठोकताना साल सोलते. डोळे वरच्या बाजूला आहेत ना, बघून घ्या. उलट्या लावलेल्या काड्या हे नेहमीचं रडगाणं आहे. खडकाळ जागा असेल तर शेरणी हे नदीकाठचं झुडूप.

वेळ महत्त्वाची. वनमहोत्सवाच्या उत्साहात जुलैत लावलेला वाळा ऑगस्टात जातो. मुरलेला वाळा पुराखाली बराच काळ तग धरतो, महिन्याभराचा नाही. पूर ओसरून उतार झाला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावा आणि मेपर्यंत पाणी द्या. तिथे पहिलं वर्ष शेळ्या-म्हशी नकोत.

चढणीचे_मासे
वगळ बुजवू नका! मळीत (नदीकाठच्या गाळाच्या शेतात) शिरलेलं पुराचं पाणी परत जायची वाट तीच आहे. ती बुजली की पाणी सगळ्यात खालची धार शोधणार, बहुधा तुमचा नवा उतार, आणि तिथे घळ पाडणार. पहिल्या पुराला मरळ, वांब याच वाटेने उथळ पाण्यात अंडी घालायला चढतात. रस्ता हवाच असेल तर नळ्या नकोत, चौकोनी मोरी करा, आणि तिचा तळ वगळीच्या तळाहून थोडा खालीच ठेवा. नळी फूटभर वर राहिली की मासा अडतो आणि मागे महिनाभर पाणी साचतं.

माती शेतात पसरा. १२०० घनमीटर म्हणजे सहा एकरांवर दोन इंच. वाळूचा थर वेगळा काढा, तो शेतात नको.

मळीवाला
धन्यवाद. दांडा काढायचा विषय मग बाद?

ओळंबा
बाद. दांडा हा वळणाचा परिणाम आहे, कारण नाही. काढलात तर एक-दोन पुरांत परत बसतो. नदी सरळ केली तर उतार वाढतो आणि खालच्या गावाचा काठ तुटतो. उन्हाळ्यात नदीसुरय अशाच वाळूवर अंडी घालतो. आणि हे सगळं निळ्या रेषेच्या आत आहे, म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीत. उताराचं काम आणि पायथ्याचे दगड यांनाही जलसंपदा विभागाची परवानगी लागेल, माती हलवायला महसूलची.

बाकी एक. तिसऱ्या फोटोत उसाच्या शेवटच्या सरीखाली काळा पाइप दिसतोय. तो कशाचा?

मळीवाला
क्षारपड जमिनीच्या निचऱ्याचा. चार शेतांचं पाणी तिथून काठावर पडतं.

ओळंबा
मग तिथूनच सुरुवात करा. पाइपचं तोंड वाळूच्या थराच्या जरा वर आहे आणि फोटोतला सगळ्यात मोठा बसका तुकडा बरोबर त्याच्याखाली. तोंडाला बिनभोकाचा पाइप जोडून काठावरून थेट पायथ्यापर्यंत आणा, शेवटी दगडांवर पडू द्या. टोकाला झडप लावा, पुराचं पाणी उलटं शेतात चढणार नाही. हे मे महिन्याआधी होण्यासारखं आहे. उतार आणि लागवड पूर ओसरल्यावर.

तोवर काठाच्या दर्शनी भागात १२ मिमीच्या मीटरभर सळया आडव्या ठोका, ५ सेंमी बाहेर ठेवून; काठ किती झिजला ते त्यावरून कळेल. धारेमागे २, ४ आणि ६ मीटरवर खुंट्या. पूर उतरला की आधी खुंट्यांमधल्या भेगा बघा. धारेला समांतर, बोट जाईल एवढी भेग दिसली की त्या पट्ट्यावर ट्रॅक्टर नेऊ नका.