आईला वाचून दाखवता येईल अशी, मनाच्या आजारांची खात्रीची मराठी माहिती कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी,

मी भांडुपला राहते. बाबा गेल्यापासून आईची झोप उडाली, जेवण तुटलं, भजनी मंडळही सुटलं. महापालिकेच्या रुग्णालयात मानसोपचार ओपीडीत नेलं. नैराश्याचं निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या. फरक पडायला काही आठवडे लागतील आणि मनाने बंद करायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं.

दुसऱ्या महिन्यात ती सकाळी पुन्हा रेडिओ लावायला लागली. आणि तेव्हाच मामीने ग्रुपवर व्हिडिओ टाकला, 'डिप्रेशनची गोळी एकदा लागली की जन्माची लागली.' बोलणाऱ्याच्या गळ्यात स्टेथोस्कोप, शेवटी कसल्याशा चूर्णासाठी फोन नंबर. आईने गुपचूप गोळ्या थांबवल्या. तिला गरगरायला लागलं तेव्हा मला कळलं.

मी चिडले, ते चुकलंच. ती रोज पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचते, पण मनाच्या आजारांबद्दल मराठीत तिच्या फोनवर येतं ते हेच. जागतिक आरोग्य संघटनेचं नैराश्यावरचं पान मी रात्री मराठीत सांगून पाहिलं. तर म्हणते, "तू तुझ्या मनचं सांगतेस."

तिने स्वतः वाचावं किंवा ऐकावं असं काही सुचवा ना, प्लीज.

प्रतिसाद १
ताई, यूट्यूबवर ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेचं 'आवाहन' चॅनेल आहे. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांचे सहकारी साध्या मराठीत बोलतात. शिवाय १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा सरकारी नंबर, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

प्रतिसाद २
माझे वडील याच गोळ्यांवर होते. त्यांची दारू-तंबाखूसारखी तलफ लागत नाही. पण एकदम थांबवल्या तर गरगरणं, बेचैनी, झोपमोड होऊ शकते, म्हणून डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. व्हिडिओवाले त्या त्रासालाच व्यसन म्हणतात. सांगणाऱ्याची पदवी काय, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी आहे का आणि शेवटी तो काय विकतोय, एवढं आधी बघा. पुढच्या तारखेला तोच व्हिडिओ घेऊन जा आणि डॉक्टरांना आईलाच विचारू दे. तुम्ही मध्ये बोलू नका.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. मामीलाही फोन केला, तिने व्हिडिओ काढून टाकला. गोळ्या डॉक्टरांना विचारून परत सुरू केल्यात.

आज दुपारी आईला १४४१६ लावून दिला. "स्पीकर बंद कर," म्हणाली आणि फोन घेऊन गॅलरीत गेली. वीसेक मिनिटं बोलत होती. काय बोलली ते मी विचारलं नाही.

वाचायला मात्र अजून काही हवंय. छापील, मोठ्या अक्षरातलं असेल तर फारच बरं.