लिथॉप्सची रोपं माना टाकतायत
लिथॉप्सच्या (खड्यांसारखी दिसणारी, जाड पानांच्या जोडीची बुटकी झाडं) बिया उगवल्या आणि दहाव्या दिवशी रोपांनी माना टाकल्या म्हणताय ना, सेम टु सेम माझ्या पहिल्या लॉटचं झालं होतं. ५० बियांतली ३०-३२ आली, मोहरीहून बारीक हिरवे ठिपके नुसते, आणि मी कौतुकाने रोज स्प्रे मारून डब्याचं झाकण परत घट्ट लावत होतो, मग एका सकाळी बघतो तर कापसासारखी बुरशी आणि निम्मी रोपं आडवी. हिरवं दिसायला लागलं की झाकण रोज थोडं थोडं जास्त उघडायचं, वारा लागू द्यायचा.

कुंडीत नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा, पाणी धरून ठेवतो) असेल तर तिथेच घोळ आहे. हे बाबाजी मूळचे दक्षिण आफ्रिका-नामिबियाच्या खडकाळ माळावरचे, त्यांना एवढी ओल झेपत नाही. मी चाळलेली बारीक खडी आणि परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) जास्त घेतो, माती नावाला. बी वरच भुरभुरायचं, पुरायचं नाही, पाणी खालून ट्रेमधून. आणि पुण्यात तरी पाऊस संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरातच पेरा.

वाचली तर पुढचा धोका घरातल्या माणसांचा! जुनी पानं सुरकुततात तेव्हा आतली नवी जोडी त्यांचंच पाणी पिऊन वाढत असते, वरून पाणी द्यायचं नसतं. आईला वाटलं बिचारी वाळतायत, तिने दोन कुंड्या भिजवल्या, दोन्हीतली पानं टचकन फुटली.

तुमच्या खिडकीत ऊन किती वेळ येतं? रोपं मान उंच करत असतील तर उजेडही कमी पडतोय.