युनिलिव्हरची टार्गेट्स आणि सॅशे
साबण-शाम्पू बनवणाऱ्या युनिलिव्हर कंपनीची पर्यावरणाची टार्गेट्स म्हणजे नुसती जाहिरात असं काही जण म्हणतात, ते मला पूर्ण पटत नाही. २०१० मध्ये तेव्हाचे सीईओ पॉल पोलमन यांच्या काळात युनिलिव्हरने पर्यावरणाचा प्लॅन आणला तेव्हा निदान आकडे तरी जाहीर केले, म्हणून आज आपण जाब विचारू शकतो. पण २०१९ ला म्हणाले २०२५ पर्यंत नवीन (म्हणजे रिसायकल न केलेल्या) प्लास्टिकचा वापर निम्म्यावर आणू, आणि २०२४ मध्ये तेच टार्गेट २०२६ पर्यंत फक्त ३० टक्के कमी करू, असं करून टाकलं, हे मला खरंच खटकतं. आणि मुख्य प्रश्न सॅशेचा आहे हो, शाम्पूच्या त्या पुडीत वेगवेगळे थर चिकटवलेले असतात, ते सुटे होत नाहीत, भंगारवाला घेत नाही, कचरावेचक बायका उचलत नाहीत, मग ती गटारातच जाणार ना!