मदत हवी आहे : जपानच्या २०९ मालिकेच्या लोकलचे 'निम्मे आयुष्य' नेमके कोणत्या अर्थाने?

नमस्कार. नोकरीनिमित्त चिबा येथे राहत असल्याने उचिबो रेल्वेमार्गावर माझे वरचेवर जाणे-येणे होते. तिथे धावणाऱ्या २०९ मालिकेच्या लोकलविषयी वाचताना मी एका जागी अडलो आहे. डब्यांची बांधणी किंवा देखभाल यांतील जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीने १९९२ मध्ये ९०१ मालिकेच्या प्रायोगिक गाड्या चालवून पाहिल्या आणि १९९३ मध्ये तोक्योच्या केहिन-तोहोकू मार्गावर २०९ मालिका आणली. तिच्या आखणीचे सूत्र 'वजन निम्मे, किंमत निम्मी, आयुष्य निम्मे' असे होते. यातील पहिल्या दोन गोष्टी समजतात. आधीच्या १०३ मालिकेचे डबे साध्या पोलादाचे होते आणि गाडी सुटताना बरीच वीज रोधकांत तापून वाया जात असे. २०९ मध्ये हलके स्टेनलेस स्टील, इंडक्शन मोटर आणि इन्व्हर्टर (मोटरला जाणाऱ्या विजेचा दाब व वारंवारता बदलून तिचा वेग सांभाळणारे उपकरण) आले. खिडक्यांना रंगीत काच बसवून पडदेसुद्धा गाळले आणि बऱ्याच काचा न उघडणाऱ्या ठेवल्या. (ही काटकसर मात्र अंगलट आली, कारण पुढे काही खिडक्या उघडतील अशा करून घ्याव्या लागल्या.)

माझे घोडे अडले आहे ते तिसऱ्या गोष्टीपाशी. जपानच्या करनियमांत विद्युत डब्याचा घसारा १३ वर्षांत पूर्ण होतो आणि निम्म्या आयुष्याचा हिशेब त्याच्याशी जोडला जातो. केहिन-तोहोकूवरून हे रेक जानेवारी २०१० पर्यंत हटलेही. पण त्यांतील बरेच डबे भंगारात न जाता २००९ पासून बोसो द्वीपकल्पातील मार्गांवर (उचिबो त्यांतलाच) आले. त्यांचे इन्व्हर्टर बदलले, शौचालय बसवले, टोकाच्या डब्यांत समोरासमोरची आसने केली. २०२१ मध्ये तिथे नवी ई१३१ मालिका आल्यावरही २०९ पूर्णपणे गेली नाही. मग 'निम्मे आयुष्य' म्हणजे डब्याचा सांगाडाच मुद्दाम तेवढ्या ताकदीचा बांधला होता, की १३ वर्षांनंतर मोठ्या दुरुस्तीवर खर्च न करता गाडी मोडीत काढण्याची मोकळीक तेवढी ठेवली होती? मला दुसरा अर्थ अधिक पटतो, पण केवळ तर्काने तसे लिहिणे बरे वाटत नाही. शिवाय कावासाकी आणि तोक्यू या कारखान्यांनी भिंतींची बांधणी आपापल्या पद्धतीने केली होती. त्यामुळे डब्यांच्या टिकाऊपणात फरक पडू शकतो का?

याला लागूनच आणखी एक शंका आहे. २०९ च्या आधीच्या २०५ मालिकेच्या दहा डब्यांच्या रेकमध्ये सहा मोटरकोच (मोटर बसवलेले डबे) आणि प्रत्येकी १२० किलोवॉटच्या मोटर होत्या, तर २०९ मध्ये चारच मोटरकोच आणि मोटर ९५ किलोवॉटच्या आहेत. इंडक्शन मोटर थोडा वेळ क्षमतेपेक्षा जास्त भार सोसते, एवढे मी वाचले आहे. परंतु दर दोन-तीन मिनिटांनी स्थानक येणाऱ्या मार्गावर रोज असा भार दिल्यास मोटरचे आयुष्य घटत नाही का, की दोन स्थानकांमधील मोकळ्या धावेत ती पुरेशी थंड होते?